लंडन–न्यूयॉर्क अंतर तीन ठिकाणी तीन वेगळे. मग उड्डाणाचा वेळ कशावरून धरावा?

तक्ताकार यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या कार्यालयातील सहकाऱ्यांच्या विमान-प्रवासाची आखणी माझ्याकडे असते. दर वेळी नव्याने शोधाशोध करावी लागू नये म्हणून मी नेहमी लागणाऱ्या साठेक शहर-जोड्यांचा एक तक्ता करायला घेतला आहे. प्रत्येक जोडीपुढे हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ, असे दोनच रकाने त्यात आहेत. काम तासाभरात उरकेल असे वाटले होते, पण पहिल्याच ओळीत अडकलो.

लंडन ते न्यूयॉर्क हे अंतर एका संकेतस्थळावर ५,५४० किलोमीटर, दुसऱ्यावर ५,५५४ आणि तिसऱ्यावर ५,५७० किलोमीटर दिसते. वेळेच्या बाबतीत गोंधळ त्याहून मोठा आहे. अंतर सांगणारी संकेतस्थळे ताशी ५०० मैल वेग धरतात, उड्डाण व उतरण्यासाठी अर्धा तास मिळवतात आणि ७ तास २३ मिनिटे असे उत्तर देतात, आणि ते जाताना व येताना एकच असते. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात मात्र लंडनहून न्यूयॉर्कला जाताना साधारण आठ तास आणि परत येताना साधारण सात तास दाखवलेले असतात.

या तीन अंतरांपैकी खरे कोणते मानावे, आणि अंतराला वेगाने भागून वेळ काढण्याची पद्धत मुळातच चुकीची आहे की माझे काही चुकते आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. साठही ओळी हाताने भरण्यापेक्षा एखादे सूत्र बसवता आले तर बरे होईल.

रेखावृत्त यांचे उत्तर

आपण दिलेली तिन्ही अंतरे बरोबर आहेत, कारण ती तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

५,५७० हे शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचे अंतर आहे. विमान मात्र शहराच्या मध्यातून उडत नाही, ते हीथ्रोवरून उडते आणि केनेडी विमानतळावर उतरते. हीथ्रो लंडनच्या पश्चिमेला आणि केनेडी न्यूयॉर्कच्या पूर्व अंगाला असल्यामुळे ही दोन टोके एकमेकांच्या थोडी जवळ येतात आणि तीस किलोमीटर कमी होतात. उरलेला फरक पृथ्वीच्या आकाराचा आहे. पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा अचूक गोल आहे असे मानले की ५,५४० येतात. ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, म्हणजे विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६,३७८ आणि ध्रुवीय त्रिज्या सुमारे ६,३५७ किलोमीटर, हे लक्षात घेऊन विन्सेंटी यांच्या १९७५ सालच्या पद्धतीने गणित केले की ५,५५४ येतात. चौदा किलोमीटर म्हणजे पाव टक्का. प्रवासाच्या आखणीत त्याने एका मिनिटाचाच फरक पडतो. आपल्या तक्त्यासाठी गोलाचे सूत्र पुरेसे आहे, फक्त अक्षांश-रेखांश शहराचे न घेता विमानतळाचे घ्यावेत.

सूत्र असे. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांमधील फरकाच्या कोसाइनने गुणावे. दोहोंची बेरीज ही आपल्याला हव्या असलेल्या कोनाची, म्हणजे दोन ठिकाणे पृथ्वीच्या मध्याशी जो कोन करतात त्याची, कोसाइन होय. हीथ्रोचा अक्षांश ५१.४७ उत्तर व रेखांश ०.४५ पश्चिम, केनेडीचा ४०.६४ उत्तर व ७३.७८ पश्चिम, म्हणजे रेखांशातील फरक ७३.३३ अंश. पहिला गुणाकार ०.५०९५, दुसरा ०.१३५६, बेरीज ०.६४५१ आणि तिचा कोन ४९.८३ अंश. एका अंशाला १११.१९ किलोमीटर या हिशोबाने ५,५४० मिळतात. सागरी मैल हवे असतील तर काम आणखी सोपे आहे, कारण बृहद्वृत्तावरील एका अंशाचे ६० सागरी मैल होतात. म्हणजे येथे सुमारे २,९९०. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर.

हे बृहद्वृत्त म्हणजे पृथ्वीच्या मध्यातून पातळ सुरी फिरवली तर पृष्ठभागावर उमटेल ती रेघ. गोलावर दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग हाच असतो, पण भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात तो वाकडा दिसतो, आणि त्यामुळे विमान उगाच वळसा घालते आहे अशी अनेकांची समजूत होते. न्यूयॉर्क लंडनपेक्षा जवळजवळ अकरा अंश दक्षिणेला आहे. तरीही लंडनहून निघालेल्या विमानाचा सर्वांत जवळचा मार्ग सुरुवातीला पश्चिमेच्या उत्तरेकडे सुमारे अठरा अंश झुकलेला असतो. नकाशावर पट्टी ठेवून काढलेल्या सरळ रेषेने, म्हणजे होकायंत्राची दिशा अजिबात न बदलता गेल्यास, अंतर सुमारे ५,७६० किलोमीटर भरेल. हा फरक ध्रुवांकडे जावे तसा वाढत जातो. साठाव्या अक्षवृत्तावर समोरासमोर, म्हणजे १८० अंश रेखांशाच्या अंतरावर असलेली दोन ठिकाणे घ्या. अक्षवृत्ताच्या कडेकडेने गेल्यास सुमारे १०,००० किलोमीटर पडतील, ध्रुवावरून गेल्यास ६,६७० किलोमीटर.

विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जाते म्हणून अंतर वाढत नाही का, असा प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच सांगतो: वाढते, पण लंडन–न्यूयॉर्कसाठी ते जेमतेम दहा किलोमीटर.

वाऱ्यामागे यांचे उत्तर

वरील उत्तराने अंतराचा प्रश्न निकालात निघाला आहे, पण आखणी करणाऱ्याला अंतराचा उपयोग फार थोडा असतो असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या तक्त्यात वेळेचा रकाना मुख्य असावा, आणि तो अंतरावरून काढू नये.

संकेतस्थळाची भागाकाराची रीत सरसकट वाईट नाही. तिचे ७ तास २३ मिनिटे हे उत्तर जाण्याच्या आठ आणि येण्याच्या सात तासांच्या मध्ये, सरासरीच्या जवळच पडते. अडचण ही की सरासरीने कोणीही प्रवास करीत नाही. माणूस एक तर पश्चिमेला जात असतो किंवा पूर्वेला.

लांब पल्ल्याचे विमान साधारणपणे ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने जाते. अकरा किलोमीटर उंचीवर, जेथे तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असते, तेथे हा वेग ताशी ९०० किलोमीटर भरतो. परंतु हा वेग विमानाभोवतालच्या हवेच्या संदर्भातला आहे, आणि ती हवा स्वतः वाहत असते. मध्य अक्षांशांवर याच उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे झोतवारे वाहतात, ज्यांना आपण जेट स्ट्रीम म्हणतो. त्यांचा वेग ताशी शंभर-दोनशे किलोमीटर असणे ही नित्याची गोष्ट आहे आणि हिवाळ्यात तो तीनशेच्या पुढेही जातो. सरासरी शंभर किलोमीटरचा वारा धरला तरी ५,५४० किलोमीटरसाठी पूर्वेकडे येताना ५ तास ३२ मिनिटे आणि पश्चिमेकडे जाताना ६ तास ५६ मिनिटे लागतात. वारा नसता तर दोन्हीकडे ६ तास ९ मिनिटे लागली असती. यातील एक गंमत पाहण्यासारखी आहे: जाण्यायेण्याची बेरीज वाऱ्यात १२ तास २८ मिनिटे होते आणि वाऱ्याविना १२ तास १९ मिनिटे. येताना वारा जेवढे देतो त्यापेक्षा जाताना जास्त काढून घेतो, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते.

फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते. जमिनीच्या संदर्भात त्याचा वेग काही काळ ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, म्हणजे आकडा ध्वनीच्या वेगापेक्षा मोठा. तरीही विमानाने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण हवेच्या मानाने ते आपल्या नेहमीच्याच चालीने जात होते. (ती मर्यादा खरोखर ओलांडून हेच अंतर काँकॉर्डने ७ फेब्रुवारी १९९६ रोजी २ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांत कापले होते.)

आता वेळापत्रकातल्या वेळेकडे वळतो, कारण तेथे आणखी एक गोष्ट दडलेली आहे. वेळापत्रकात छापलेला वेळ हवेतला नसतो. विमानाने फाटक सोडल्यापासून ते दुसऱ्या फाटकाला लागेपर्यंतचा तो वेळ असतो. या व्यवसायात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. जुन्या काळापासून चाकांना अडवण्यासाठी लावलेले ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा वेळ मोजत, त्यावरून हे नाव आले. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकत जाणे, उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालणे, उतरल्यावर फाटक मोकळे होण्याची वाट पाहणे हे सारे त्यातच येते, आणि गर्दीच्या विमानतळांवर या सगळ्याचा तास सहज होतो. शिवाय उशीर झाला तरी आकडेवारीत तो दिसू नये म्हणून कंपन्या थोडा जास्तीचा वेळही त्यात घालून ठेवतात. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलेले विमान वेळेवर आले असे धरण्याची पद्धत आहे. त्यामुळे ‘आज आपण वीस मिनिटे लवकर पोहोचलो आहोत’ अशी घोषणा ऐकली की मला वैमानिकापेक्षा वेळापत्रक बनवणाऱ्याचे कौतुक वाटते.

उडालेले अंतरही बृहद्वृत्तापेक्षा थोडे जास्तच असते. अटलांटिकवर तर दररोज वाऱ्याचा अंदाज पाहून मार्गांचा नवा जुडगा आखला जातो. पूर्वेकडे येणारे मार्ग कॅनडातील गँडर येथून आणि पश्चिमेकडे जाणारे शॅनविक या ब्रिटन-आयर्लंडकडील हवाई नियंत्रण केंद्राकडून जाहीर होतात. येणारे विमान झोताच्या अंगावर बसते, जाणारे त्याला टाळून वळसा घेते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या कार्बन उत्सर्जनाच्या गणितात म्हणूनच बृहद्वृत्ताच्या अंतरात भर घालतात: ५५० किलोमीटरपर्यंत ५०, त्यापुढे ५,५०० पर्यंत १०० आणि त्याहून लांब मार्गांसाठी १२५ किलोमीटर.

थोडक्या अंतरांसाठी भागाकाराची रीत आणखी बिघडते, कारण तेथे विमान पूर्ण वेग गाठून स्थिरावते न स्थिरावते तोच उतरायला लागते. सूत्रच हवे असेल तर निदान प्रत्येक दिशेची स्वतंत्र ओळ करावी. परंतु साठ जोड्या म्हणजे एकशे वीस आकडे. ते वेळापत्रकातून उतरवून घेणे एका दुपारचे काम आहे.

मध्यरात्रीचा प्रवासी यांचे उत्तर

वेळापत्रकातून आकडे उतरवताना एक खड्डा आहे; मी स्वतः त्यात पडलो आहे, म्हणून सावध करतो.

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या ठिकाणची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या ठिकाणची असते, हे सर्वांना ठाऊक असते. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यात पाच तासांचा फरक आहे, हेही आपण पाठ करून ठेवतो. पण तो फरक वर्षभर पाच तासांचा राहत नाही. अमेरिकेत २००७ पासून घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते, ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी. शरद ऋतूत ब्रिटनचे घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते आणि अमेरिकेचे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या या आठवड्यांत फरक चारच तासांचा असतो.

मी अशाच एका तक्त्यासाठी मार्चच्या मध्याचे एक तिकीट समोर ठेवले होते. न्यूयॉर्कहून रात्री आठला निघून लंडनला सकाळी सातला पोहोचणारे ते विमान होते. घड्याळी अकरा तास, त्यातून पाच वजा केले आणि मोठ्या समाधानाने ‘६ तास’ असे लिहून टाकले. खरे उत्तर सात होते. पुढे एप्रिलमध्ये एका सहकाऱ्याचे विमानाचे तिकीट निघण्यापूर्वीच मी त्या सहा तासांच्या भरवशावर लंडनहून पुढच्या आगगाडीचे आरक्षण करून ठेवले. विमान सातला येईल असे धरले आणि ते आठला आले. तिकीट हाती आल्यावरही मी पडताळून पाहिले नाही. गाडी गेली, तिकिटाचे पैसे गेले, आणि त्यानंतर बराच काळ माझ्या तक्त्याचे नाव कार्यालयात कोणी गंभीरपणे घेतले नाही.

त्या दिवसापासून मी दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत बदलतो आणि मगच वजाबाकी करतो. वरील उदाहरणात न्यूयॉर्कचे रात्रीचे आठ म्हणजे प्रमाणवेळेचे शून्य वाजून शून्य मिनिटे, लंडनचे सात म्हणजे सातच. शंकेला जागा उरत नाही. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडणाऱ्या मार्गांवर तर याला पर्यायच नाही. उन्हाळ्यात टोकियोहून संध्याकाळी पाचला निघालेले विमान साडेनऊ तासांनी सॅन फ्रान्सिस्कोला उतरते तेव्हा तेथे त्याच तारखेचे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात, आणि घड्याळाची सरळ वजाबाकी करणाऱ्याच्या तक्त्यात उणे साडेसहा तास दिसतात.

तक्ताकार

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी सूत्र बसवले आणि पहिल्या ओळीत ७,७०५ किलोमीटर आले. आकडा इतका सभ्य दिसत होता की वरील उत्तर वाचलेले नसते तर मी तो तसाच ठेवला असता. बऱ्याच वेळाने लक्षात आले की तक्त्याच्या आज्ञावलीला कोन अंशांत नव्हे तर रेडियनमध्ये द्यावे लागतात. ते केल्यावर बरोबर ५,५४० आले.

आता नवीन शंका. हेलसिंकी–टोकियो हे अंतर सूत्राने ७,८०० किलोमीटरच्या आसपास येते, म्हणजे वेळ साडेनऊ ते दहा तास असायला हवा; वेळापत्रकात मात्र तेरा तास दिसतात. एवढा फरक वाऱ्याने पडेल का?

वाऱ्यामागे

नाही, हा वारा नव्हे. २०२२ च्या फेब्रुवारीअखेरीस रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाले. त्यापूर्वी सायबेरियावरून जाणारे हे विमान सुमारे साडेनऊ तासांत पोहोचत असे. आता त्याला एक तर उत्तर ध्रुवाकडून किंवा रशियाच्या दक्षिणेकडून लांबचा फेरा घ्यावा लागतो. शहरे जागची हललेली नाहीत, अंतराचा रकाना तसाच राहतो, आणि वेळ साडेतीन तासांनी वाढते. जे मार्ग अशा सीमांपाशी जातात त्यांच्या ओळीत आकडा कोणत्या तारखेचा आहे तेही लिहून ठेवावे.

जास्त अंतर म्हणजे जास्त वेळ, हे गृहीतकसुद्धा नेहमी टिकत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. नेहमीच्या मार्गापेक्षा ते हजाराहून अधिक किलोमीटर जास्त, म्हणजे सुमारे १५,३०० किलोमीटर उडाले, आणि पाठीशी वारा असल्यामुळे साडेचौदा तासांत पोहोचून नेहमीपेक्षा लवकर उतरले.

दोन इंजिनांच्या विमानांना आणखी एक बंधन असते, तेवढे सांगून थांबतो. एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ मार्गात सतत हाताशी असावा लागतो. ही मर्यादा पूर्वी साठ मिनिटांची होती, १९८५ मध्ये ती १२० पर्यंत वाढली, आणि आज काही विमानांना पाच तासांहून अधिक मुभा आहे. म्हणून जुन्या पुस्तकांत दिसणारे महासागरावरचे वळसे आता बरेच सरळ झाले आहेत.

तक्ताकार

तक्त्याची रचना बदलली आहे. अंतराचा रकाना शेवटी नेला. त्याच्या आधी जाण्याचा ब्लॉक टाइम, येण्याचा ब्लॉक टाइम, दोन्ही जागतिक प्रमाणवेळेवरून काढलेले, आणि आकडा घेतल्याची तारीख. तेवीस ओळी भरून झाल्या आहेत. मार्च आणि ऑक्टोबरमधील त्या आठवड्यांसाठी प्रत्येक ओळीला तांबडा रंग आपोआप लागेल अशी सोय मध्यरात्रीचा प्रवासी यांच्या आगगाडीच्या स्मरणार्थ केली आहे.